बोंगसू परत आला तेव्हा

मुखो बंदराच्या बाजारातून मासळीच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका सकाळी दोन खांबांच्या मधोमध लांबलचक कापडी फलक लागला. "हार्दिक अभिनंदन! दिवंगत चू बोंगसू यांची सुकन्या चू दानबी हिच्या 'बाबा घरी आले' या कॉमिकला यंदाचा पुरस्कार! – मुखो बाजार व्यापारी मंडळ."

प्यो मानबोकच्या गिरणीचं दार उघडलं की समोर हाच फलक. दोरीचं एक टोक त्याच्याच खांबाला बांधलं होतं. शिडीसुद्धा त्याच्याकडूनच नेली होती. शिडी देताना त्याला मनातून वाटलं होतं, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात का होईना, आपलं नाव असेल. 'गिरणीवाले प्यो मानबोक यांची मुलगी' असं काही नाही, पण काहीतरी. त्याने मान वर करून फलक वाचला, मग चष्मा पुसून परत वाचला. दिवंगत चू बोंगसू. समुद्रात बुडून इतकी वर्षं झालेला माणूस, आणि अक्षरं केवढी, तर हातभर.

"छान दिसतोय ना, मानबोकभावजी?" समोर दोरीवर माकुल मासे वाळत घालणारी पिलसुन वहिनी म्हणाली. "बोंगसू असता तर केवढा खूश झाला असता!"

"हो, झाला असता," मानबोक म्हणाला, आणि मिरची कांडायचं यंत्र सुरू केलं. त्या यंत्राच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नसे. त्या वर्षी त्याने ते बरेचदा विनाकारण सुरू केलं.

मानबोक मूळचा मुखोचा नव्हे. तो जेचॉनकडचा, डोंगरातला. तरुणपणी या गिरणीत कामाला आला, म्हाताऱ्या मालकाने डोळे मिटताना गिरणी त्याच्या हवाली केली, आणि तो इथलाच झाला. पण समुद्राशी त्याचं कधी जुळलं नाही. धक्क्याला बांधलेल्या होडीत उभं राहिलं तरी त्याच्या पोटात ढवळायचं. बोंगसू अगदी उलट. उंच, गालाला खळी, माकुल धरायच्या बोटीवरचा पट्टीचा खलाशी, आणि गळा असा की बोट बंदरात शिरायच्या आधी गाणं शिरायचं. मानबोक तेव्हाही त्याला ओळखत होता. सगळेच ओळखत. मालसुन त्याची बायको. ती सणाला तीळ घेऊन तेल काढायला गिरणीत यायची, तेव्हा मानबोक तेलाची धार उगाच जरा जास्त वेळ गळू द्यायचा. याहून जास्त काही नाही.

मग एका थंडीत बोंगसूची बोट परत आली नाही. ना फळी सापडली, ना माणूस. मालसुन गिरणीत तांदूळ धुवायच्या कामाला लागली. सोबत छोटी दानबी असायची. पोर रडू नये म्हणून मानबोक लाकडी पाटावर तांदळाचं पीठ पसरून द्यायचा. ती बोटाने त्यात मासे काढायची, बोटी काढायची, आणि पाट भरला की म्हणायची, "काका, पुसा!" तो हाताने पीठ सारखं करून द्यायचा. दिवसभर मिरची कांडायची आणि पाट पुसायचा.

पुढे मालसुनने त्याच्याशी लग्न केलं. दानबी पहिल्या दिवशी त्याला काका म्हणाली होती, ते काकाच राहिलं. आईशी लग्न झालं म्हणून हाक बदलली नाही. बर्फात तिला मोटारसायकलवर शाळेत सोडणारा काका, सहलीचा डबा भरणारा काका, चित्रकलेच्या कॉलेजात जायचं म्हणाली तेव्हा मालसुनच्या मागे लागून हो म्हणायला लावणारा काका. सावत्र बापाचं आडनाव घ्यायची सोय कायद्यात झाली त्या वर्षी जेवताना तो सहज बोलल्यासारखं बोलला, "आता म्हणे आडनाव बदलता येतं."

दानबीने भाताचा चमचा खाली ठेवला. रागाने नाही, अगदी हळू. "माझं नाव चू आहे, काका."

"हो हो. मी आपलं पेपरात वाचलं म्हणून सांगितलं," तो म्हणाला आणि सूप पिऊ लागला. सूप कधीचंच गार झालं होतं, तरी तो फुंकर घालत राहिला.

दरवर्षी थंडीत बोंगसूच्या नावाने घरात पान मांडलं जायचं. त्यासाठी लागणाऱ्या तांदळाच्या वड्या मानबोक स्वतः उकडायचा, चौकोन अगदी सारखे कापायचा, आणि ताट देऊन घराबाहेर पडायचा. न्हाव्याच्या दुकानात बसायचा. तिथली मंडळी काही गप्प बसणारी नव्हती.

"काय मानबोक, सवत आली वाटतं जेवायला?"

तोही हसायचा. वर्षातून एक दिवस येतो, जेवतो, जातो. एवढं चालवून घेता येतं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पण या कॉमिकमधला बोंगसू एक दिवस येऊन जाणारा नव्हता. मोबाइलवर नवा भाग निघाला की तो येई, म्हणजे दर गुरुवारी येत होता.

गोष्ट अशी होती. एका बंदरात साथ पसरते, माणसं मरतात आणि मेलेली उठून दुसऱ्यांना चावत सुटतात. समुद्रावर गेलेला एक खलाशी तसाच होऊन घरी येतो. अंगाला शेवाळ, डोळे पांढरे, तोंडातून नुसती घरघर. त्याची बायको आणि बोरी नावाची छोटी मुलगी त्याला माकुल वाळवायच्या माळ्यावर लपवतात. बाहेर सैनिक झॉम्बी दिसला की गोळी घालतायत, आणि घरात या दोघी त्याला माशांची डोकी भरवतायत, पुन्हा चमचा धरायला शिकवतायत. तो सगळ्या जगाला चावेल, पण आपल्या माणसांना नाही. त्या खलाशाचं नाव बोंगसू. गालाला खळी. दानबीने नावसुद्धा बदललं नव्हतं.

आणि शेजारी एक गिरणीवाला होता. बुटका, लाल नाकाचा, गळ्यात पंचा टाकलेला. तो सारखा भिंतीवरून डोकावायचा. "वास कसला येतोय हो, वहिनी?" पहिल्यांदा हे वाक्य वाचलं तेव्हा मानबोकने नकळत गळ्यातला पंचा काढून खुंटीला टांगला. खाली वाचकांनी लिहिलं होतं: 'या गिरणीवाल्याला कधी चावणार?' 'लवकर चावा.' 'आधी नाक.'

हे सगळं मालसुनला ठाऊक नव्हतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ती भांडी घासायला बसायची. मोबाइलचा पडदा तिला धुक्यासारखा दिसे. शिवाय झॉम्बी म्हटल्यावर तिने आधीच हात झटकले होते. "मेलेली माणसं चावतात? पोरीने दुसरं काही काढायचं होतं."

पण फलक लागला त्याच दिवशी पिलसुन वहिनी तिला म्हणाली, "अगं, त्यात बोंगसूच आहे. हुबेहूब! खळीसुद्धा आहे."

मालसुन घरी आली ती थेट मानबोकसमोर बसली. "अहो, मला ते वाचून दाखवा. चित्रंही सांगा. सगळं सांगा."

गुरुवारी दुपारी, जेवणानंतर, गिरणीत गिऱ्हाईक नसे त्या वेळेला वाचन सुरू झालं. पहिल्या दिवशी त्याने पहिला भाग इमानेइतबारे वाचला. बोंगसू धक्क्यावर येतो, अंगातून पाणी गळतंय, मुलगी दाराच्या फटीतून बघते.

"कसा दिसतो?" मालसुनने विचारलं.

"दिसतो म्हणजे... झॉम्बीसारखा."

"खळी आहे?"

"आहे," मानबोक म्हणाला. मालसुनने एक मोठा श्वास घेतला आणि डोळे मिटून भिंतीला टेकली. तिच्या तोंडावर जे आलं ते मानबोकने इतक्या वर्षांच्या संसारात पाहिलं नव्हतं. आपण तिला एवढ्या वर्षांत काय काय आणून दिलं याची त्याने मनात उजळणी करून पाहिली. असं तोंड एकदाही झालं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी चित्र होतं की बोंगसू आपल्या सुजलेल्या बोटांनी भाजलेलं माकुल सोलून, बारीक धागे काढून मुलीच्या वाटीत ठेवतो. मानबोकने ते पाहिलं. पडदा वर सरकवला.

"तो माशाची डोकी खातो," तो म्हणाला. "हाडांसकट. फार घाण करतो."

"आणि?"

"आणि काही नाही. घरघर करतो."

मालसुन थोडी हिरमुसली. त्याला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं. आणि मग ते सवयीचं होऊन गेलं. बोंगसू बायकोची ओली शाल खांद्यावर घेऊन बसतो, ते चित्र त्याने गाळलं. बोरीची वेणी घालायचा प्रयत्न करतो, ते गाळलं. बोंगसूच्या अंगाला त्याने जास्तीची दुर्गंधी चिकटवली, एक कान गळायला लावला. गाळलेल्या जागी काहीतरी भरायला हवं म्हणून गिरणीवाला पुढे यायला लागला. आधी नुसता दाराशी पीठ ठेवून जायचा. मग सैनिकांना चुकीची वाट दाखवायला लागला. एका गुरुवारी बोरी पाण्याच्या टाकीत पडली, वर झॉम्बींचा घोळका, आणि गिरणीवाल्याने यंत्राचा पट्टा कमरेला बांधून टाकीत उडी घेतली.

"अगं बाई!" मालसुनने त्याचा हात घट्ट धरला. "काढलं का तिला?"

"काढलं. पाठीवर घेऊन वर आला. पट्टा तुटता तुटता राहिला."

"असा पाहिजे माणूस," मालसुन म्हणाली. "पिलसुनला तर नुसता बोंगसूच दिसतो."

मानबोक गिरणीत गेला तो शीळ घालतच. खऱ्या कॉमिकमध्ये त्या भागात गिरणीवाल्याने सैनिकांना त्या घराचा पत्ता सांगितला होता. वाचक खाली त्याला शिव्या देत होते. तेही मानबोकने वाचलं होतं, एकूण एक.

किमची घालायच्या दिवसांत दानबी, आता बुचॉन शहरात राहायची, तिथून घरी आली. अंगणात प्लास्टिक पसरलं होतं, खारवलेल्या कोबीचे ढीग, मानबोकने खास कांडलेल्या मिरचीचा लालभडक मसाला. मालसुन, दानबी, पिलसुन वहिनी कोपरापर्यंत हातमोजे घालून बसल्या होत्या. मानबोक कोबी वाहून आणत होता.

"दानबी," मालसुन पानांत मसाला भरत म्हणाली, "तुझा तो गिरणीवाला मला फार आवडतो बघ. टाकीत उडी मारली तेव्हा मला तर रडूच आलं."

दानबीने वर पाहिलं. "कुठल्या टाकीत?"

"अगं, पाण्याच्या! कमरेला पट्टा बांधून. बोरीला काढलं नाही का त्याने?"

पिलसुन वहिनी हसत सुटली. "मालसुन, कुठलं वाचतेस तू? तो मेला तर चहाडखोर आहे! त्यानेच तर सैनिक आणले घरावर. आम्ही सगळे वाट बघतोय त्याला चावायची."

मानबोक कोबीची पाटी हातात घेऊन उभा राहिला. ती खाली ठेवावी की परत न्यावी, त्याला सुचेना.

"आणि बोंगसूचा कान?" मालसुनचा आवाज बारीक झाला होता. "गळून पडला ना?"

"नाही, आई," दानबी म्हणाली. ती मानबोककडे बघत होती. "बाबांचे दोन्ही कान आहेत."

पिलसुन वहिनीला एकदम घरची कामं आठवली. ती गेल्यावर मालसुनने हातमोजे काढले, नीट घडी घातली.

"तो दर गुरुवारी येत होता," ती म्हणाली. "मी दर गुरुवारी केस विंचरून बसत होते. आणि तुम्ही मला काय दाखवलंत? घाण आणि घरघर. एकदा समुद्राने नेला, तेव्हा कुणावर रागवावं ते कळलं नाही. आता कळतंय."

"मालसुन, अगं—"

"मेलेल्या माणसावर एवढा जळफळाट?"

"मेलेला कुठे आहे!" मानबोक ओरडला. आपण ओरडलो हे त्याचं त्यालाच नवीन होतं. "मेलेला असता तर मी काही बोललो असतो का? इतकी वर्षं त्याच्या वड्या मी उकडल्या. पण हा मरतच नाही! बाजारात हातभर अक्षरात टांगलाय. मोबाइलमध्ये बसलाय. पोरीचं आडनाव त्याचं, बाबा तो, माकुल सोलून देणारा तो. आणि मी? भिंतीवरून वास घेणारा!"

मालसुन उठून आत गेली. दानबी मसाल्याच्या ढिगापाशी तशीच बसून राहिली.

"माकुल तुम्ही सोलून द्यायचात," ती म्हणाली.

"मग त्याला का दिलंस?"

"कारण मला बाबांचं काही आठवत नाही, काका. काहीच नाही. फोटोतली खळी, बस. त्यांना काही करायला लावायचं तर मी कुठून आणणार? मला जे माहीत होतं ते दिलं त्यांना."

"म्हणजे माझंच काढून त्याला दिलंस."

"हो."

त्याला वाटलं, हे ऐकून बरं वाटायला हवं. वाटलं नाही. उलट आणखीच लुबाडल्यासारखं झालं. "आणि मला काय ठेवलंस? लाल नाक?"

दानबीला हसू आलं, ते तिने दाबलं नाही. "तुम्ही खरंच सगळ्यांच्या घरात डोकावता, काका. खरंच विचारता, वास कसला येतोय. मला कॉलेजात फोन करून विचारायचात, आज काय शिजवलंस, कुणासाठी शिजवलंस. बाबांना मी मनासारखं काढू शकते, ते मला अडवत नाहीत. तुम्हाला काढायला बसले की तुम्ही जसे आहात तसेच येता. मी काय करू?"

"तोंडदेखलं तरी चांगलं काढायचंस."

"मग तुम्हीच म्हणाला असतात, हा मी नव्हेच." तिने एका पानात मसाला भरला. मग म्हणाली, "ते टाकीचं कुठून सुचलं?"

"सुचलं असंच."

"चांगलं आहे."

परत गेल्यावर तिने ते संपादकाला विचारून पाहिलंही. तो नको म्हणाला. गिरणीवाला सुधारलेला वाचकांना आवडणार नाही, असं त्याचं मत पडलं. दानबीने हे फोनवर सांगितलं तेव्हा मानबोक नुसतं "बरं" म्हणाला, आणि दिवसभर त्या न पाहिलेल्या संपादकावर चिडून राहिला.

मालसुनने मात्र किमचीच्या त्या दिवशीच त्याची शिक्षा ठरवली होती. पहिल्यापासून सगळं पुन्हा वाचायचं, एकही चित्र न गाळता. गुरुवारचीही वाट बघायची नाही, रोज. दानबी परत जायच्या आधी काही दिवस समोर बसली होती, म्हणजे चोरी करायची सोयच नव्हती. मानबोकने घसा खाकरला आणि वाचायला लागला. "आता तो माकुल सोलतोय... धागे काढतोय... वाटीत ठेवतोय." "आता तुझी शाल घेऊन बसलाय. वास घेतोय शालीचा." "आता वेणी घालतोय. जमत नाहीये त्याला. तरी घालतोय." मालसुन ऐकत होती, मध्येच डोळे पुसत होती, आणि मानबोकला उठून तिला टॉवेल आणून द्यावा लागत होता. परक्या माणसासाठी रडणाऱ्या बायकोला टॉवेल देणं काय असतं, हे न्हाव्याच्या दुकानात कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

थंडी सरत आली तेव्हा कॉमिक संपलं. गिरणीवाल्याला शेवटपर्यंत कुणी चावलं नाही. वाचक नाराज झाले. शेवटच्या भागात सैनिक गल्लीत शिरतात, आता घरात ठेवलं तर सगळ्यांनाच धोका, आणि ते त्या न बोलणाऱ्या बोंगसूला कसं कोण जाणे समजतं. तो उठतो, जिना उतरतो, आणि धक्क्यावरून समुद्रात चालत जातो. बायको आणि बोरी मागे उभ्या. चित्रात त्याची पाठ दिसते. पाणी गुडघ्याला, कमरेला, खांद्याला. मग नुसतं पाणी.

मानबोकने हे आधी एकट्याने वाचून घेतलं होतं. त्याला वाटलं होतं, हा गेला की आपल्याला हलकं वाटेल. मालसुनसमोर बसून तो वाचत गेला. गुडघा झाला, कंबर झाली. मालसुनने त्याची बाही धरली होती. तिची बोटं थंड पडली होती. बोट गेली त्या दिवशी ती धक्क्यावर कशी उभी राहिली असेल, हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. विचारायची त्याला कायम धास्ती वाटायची.

"खांद्यापर्यंत पाणी आलं," तो म्हणाला.

"मग?"

पडद्यावर पुढे नुसतं पाणी होतं. मानबोकने ते पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"थांबला," तो म्हणाला. "मागे वळून बघतोय."

"कुणाकडे?"

"तुझ्याकडे."

"कसा बघतोय?"

आता हेही त्यालाच सांगायला हवं होतं. "डोळे पांढरे नाहीत आता," तो अखेर म्हणाला. "नीट बघतोय. हसतोय थोडा. खळी पडलीय."

मालसुन रडली, पण या वेळी तिने टॉवेल मागितला नाही, त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवलं. मानबोक न हलता बसला. ती नजर आपणच त्याला दिली, आपल्या पदरची, आणि आता ती कायमची त्याची झाली. कोण सांगत होतं द्यायला? स्वतःवर चरफडत तो गिरणीत गेला आणि तीळ भाजायला टाकले. तीळ थोडे करपले. गिऱ्हाइकाने तेल कडवट लागतं म्हणून तक्रार केली, तेव्हा त्याच्याशीही तो भांडला.

झाडांना पालवी फुटल्यावर मालसुनने एकदाचं ऑपरेशन करून घेतलं. दानबी तिला गांगनंगच्या दवाखान्यात घेऊन गेली. आता तिला सगळं स्वच्छ दिसतं, मानबोकच्या नाकावरच्या शिरासुद्धा, आणि ती ते त्याला सांगते. फावल्या वेळात ती मोबाइल घेऊन बसते. बोंगसूचं कॉमिक तिने पुन्हा पहिल्यापासून काढलं आहे, हे मानबोकला माहीत आहे. ती शेवटाला पोचली की नाही, हे त्याला माहीत नाही. ती पडद्यावर बोट सरकवत असते तेव्हा तो दारातून दोनदोनदा डोकावून जातो.

"काय हवंय?" ती मान वर न करता विचारते.

"काही नाही. वास कसला येतोय ते बघत होतो."